बुधवारचा माल

सोमवार, २ मार्च १९८७

नोकरी मिळाली. दोन महिने घरी बसल्यावर हे लिहिताना आनंद व्हायला हवा. पण सकाळपासून मी काय काय चुकू शकेल त्याची यादी करतोय.

रब्बी झुस्मान यांनी बोलावून घेतलं होतं. पॅटर्सनला नदीकाठी मॅनकुसोचा कारखाना आहे, तिथे टॅनेजर कोला भरतात. वर्षभर त्यात मक्याचा पाक असतो. हल्ली सगळ्यांच्याच कोलात असतो. साखर महाग, मका स्वस्त, चार-पाच वर्षांत सगळा देश मक्यावर गेला. पण वल्हांडणाच्या आठ दिवसांत आम्हा ज्यूंना जसं खमिराचं चालत नाही, तसा मकाही चालत नाही. म्हणून सणाआधी मार्चमध्ये दोन आठवडे तिथे उसाच्या साखरेचा कोला करतात आणि त्याला निळं बूच लावतात. बुचावर रब्बींचा शिक्का असतो. मक्याचा थेंब आत जाऊ नये हे बघायला आपला एक माणूस दिवसभर बसतो. इतकी वर्षं म्हातारे लाइब बसायचे. ते फ्लोरिडाला लेकीकडे गेले.

"पण रब्बी, मी गणिताचा मास्तर आहे," मी म्हणालो.

"होतास," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "अवघड काही नाही, अन्शेल. बघायचं, आणि जे बघितलं ते सांगायचं."

अकरा वर्षं शिकवलं. डिसेंबरच्या परीक्षेचे पेपर मी तीनदा तपासले. तिसऱ्यांदा वाटलं, दुसऱ्यांदा तपासताना डोळा चुकला असेल. मुख्याध्यापक म्हणाले, "ब्राउडे, या मुलांची लग्नं होतील तरी तुझे निकाल लागायचे नाहीत." जानेवारीत घरी बसवलं.

गित्तल, माझी बायको, आनंदाने रडली. मी तिला म्हणालो, एवढ्यात रडू नकोस.


शुक्रवार, ६ मार्च

कारखाना धुऊन झाला. पाकाच्या कढया, नळ, भरायचं यंत्र, सगळ्यातून उकळतं पाणी दोनदा फिरवलं. मी तिसऱ्यांदा फिरवायला लावलं. मालक ऑगी मॅनकुसो पासष्टीचे, पोट सुटलेले, बोलायला लागले की आधी हात बोलतात. "प्रोफेसर," ते म्हणाले, "माझ्या आईने मला बाप्तिस्म्याला एवढं धुतलं नव्हतं."

मग मुख्य काम. मक्याचा पाक मागच्या आवारातल्या उंच टाकीत असतो. तिथून नळ भिंतीतून पाकघरात येतो. भिंतीतून खरं तर दोन नळ येतात, दोन्ही पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, दोन्हीला सारखीच तोटी. ऑगी आवारात टाकीपाशी उभे होते, मी आत. खिडकीतून ओरडून विचारलं, मक्याचा कुठला? त्यांनी हात केला, "डावीकडचा!"

डावीकडच्या तोटीला साखळी घातली, कुलूप लावलं, तारेत शिशाची गोळी ओवून चिमट्याने दाबून मोहर केली, सही केलेली चिठ्ठी डकवली. किल्ली गळ्यात. बसथांब्यावर गेलो आणि वाटलं, कुलूप नीट बसलं ना? परत आलो. बसलं होतं. पुन्हा थांब्यावर गेलो. मग वाटलं, ओढून बघताना सैल तर नसेल झालं? असं चार वेळा झालं, तीन बस गेल्या. शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो; त्याच्या वीस मिनिटं आधी घरी पोचलो. गित्तल दिवे घेऊन उभी होती. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.


सोमवार, ९ मार्च

काम सुरू. साखरेची पोती फोडून कढईत ओततात. मक्याचा पाक नुसती तोटी सोडली की येतो. साखरेला माणसं लागतात, ढवळावं लागतं, गाळावं लागतं. सगळे कुरकुरतात. एक मिस ओडेसा सोडून.

पाकघर तिचं आहे. साठीची, उंच, काळीसावळी, डोक्याला कायम पांढरा रुमाल. लुइझियानात उसाच्या मळ्यात जन्मली. प्रत्येक कढईतला चमचाभर पाक जिभेवर ठेवते आणि डोळे मिटते. मी विचारलं, खरंच फरक कळतो?

"मास्तर, उसाची गोडी येते आणि जाते. मका येतो आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो. जेवायला वाढेपर्यंत उठत नाही."

पण ती दिवसभर माझ्यावर नजर ठेवून असते. मी कुलूप बघायला उठलो की तिचे डोळे मागे. ऑगींना सगळं जाऊन सांगत असणार. दुपारी माझ्या खुर्चीवर दोन केळी ठेवली होती. "साल काढून खायचं फळ. माझ्या भांड्याला लागलेलं नाही. तुझ्या देवाला चालेल ना?" मी आभार मानले. बोलतं करायची तिची ही रीत असावी. सांभाळून राहायला हवं.


बुधवार, ११ मार्च

आज ओडेसा नाही. दाढ काढायला गेली. तिच्या जागी ऑगींचा मेहुणा सॅल. हा एरवी ट्रकवर असतो. पूर्वी तीन वर्षं पाकघरात होता म्हणे. दिवसभर रेडिओवर बेसबॉलच्या सरावाच्या बातम्या आणि शिट्या. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण कुणी बघत नव्हतं. कुलूप अकरा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी वहीत खूण केली. अकरा खुणा.

घरी एक नवीनच. गित्तल म्हणते, रोज सकाळी दाराला कुलूप ती लावणार, शेगडी ती बंद करणार, मी फक्त निघायचं. "का?" तर म्हणे, "मला आवडतं." आता बायकोचाही माझ्यावर भरवसा उरला नाही.


शुक्रवार, १३ मार्च, दुपारी एक

 अक्षर नीट येत नाही.

साडेअकराला कुलूप बघायला गेलो. बुटाचा बंद सुटला होता म्हणून वाकलो आणि तोल सांभाळायला उजवीकडच्या नळावर हात टेकला. नळ कोमट होता.

मक्याचा पाक थंड झाला की साखर धरतो, म्हणून टाकी गरम ठेवतात. हे पहिल्याच दिवशी ऑगींनी सांगितलं होतं. मी माझ्या कुलपाच्या नळाला हात लावला. बर्फ. पुन्हा दुसऱ्याला. कोमट. दहा-बारा वेळा हात लावला असेल.

आवारात जाऊन नळ टाकीपासून बोटाने माग काढत आलो. डावीकडचा नळ दुसऱ्या टाकीला जातो, ती सहा वर्षं कोरडी आहे. ऑगी टाकीपाशी उभे राहून भिंतीकडे तोंड करून 'डावीकडचा' म्हणाले होते. त्यांचा डावा. माझा उजवा.

पाच दिवस मी रिकाम्या नळाची राखण केली. मक्याच्या तोटीला ना कुलूप, ना साखळी. कुणीही हात घालावा.

ताबडतोब कुलूप काढून खऱ्या नळावर लावलं. कुणाला सांगितलं नाही. ओडेसा दारात उभी होती. तिने पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

चार दिवसांचा माल दुकानांत पोचलाय. रब्बींना फोन केला, ते आजारी माणसाला भेटायला गेलेत. तीनची बस चुकवून चालणार नाही. आता शब्बाथ, उद्या रात्रीपर्यंत ना फोन, ना लेखणी.


रविवार, १५ मार्च

शब्बाथचा अख्खा दिवस तोंडात खडा धरून बसल्यासारखा काढला. एक विचार जात नव्हता, तो इथे लिहून ठेवतो: कुणाला कळलेलं नाही. कुलूप आता योग्य जागी आहे. तोटी बंदच असणार, उगाच कोण सोडेल? गप्प बसलो तर सण होईल, लोक कोला पितील, पुढच्या वर्षीही काम मिळेल. घरात दोन मुली आहेत. हा विचार मी तासभर केला. मग स्वतःचीच किळस आली. मग पुन्हा केला.

आज पुरीम. सगळे सोंगं घेऊन नाचतात, पितात. दुपारी रब्बींच्या घरी गेलो तर चाळीस माणसं, एक ॲकॉर्डियन, टेबलावर मिठाईचे डोंगर. एकाने अस्वलाचं सोंग घेतलं होतं. गोंगाटात रब्बींच्या कानाशी तीनदा सांगितलं, त्यांना ऐकूच येईना. शेवटी ओरडलो, "रब्बी, मी चुकीच्या नळाला कुलूप लावलं!"

नेमकं तेव्हाच ॲकॉर्डियन थांबलं.

अस्वल पोट धरून हसायला लागलं. "वा, वा! देखरेखवाल्याचं सोंग! आणि चेहरा बघा, घामसुद्धा आणलाय!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी माझ्या हातात पेला दिला. "पुन्हा कर, पुन्हा कर!"

रब्बी मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला पेला टेबलावर ठेवला, माझा दंड धरून स्वयंपाकघरात नेलं, आणि दार लावून घेतलं. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी आठला कारखान्यात. आता घरी जा, लेकींबरोबर जेव."

जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.


सोमवार, १६ मार्च

रब्बी काळा कोट घालून पाकघरात खुर्चीवर बसले. ऑगी येरझाऱ्या घालत होते. त्यांना मी सकाळीच सांगितलं होतं. ते इटालियनमध्ये बराच वेळ कुणाशी तरी बोलले, बहुधा संतांशी.

"तोटी उघडलेली तू पाहिलीस?" रब्बींनी मला विचारलं.

"नाही."

"बंद असलेली पाहिलीस?"

"ती तोटी मी पाहिलीच नाही. मी दुसरीच बघत होतो."

"मग तुला काहीच माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. हे वाक्य आयुष्यभर विसरणार नाही.

तेव्हा ओडेसा पुढे आली. "म्हातारबाबा, मी काही विचारू? तुम्हाला टाकीतला पाक कमी झाला का ते हवंय ना? मग मला कुणी का विचारत नाही?"

तिने आम्हाला आवारात नेलं. टाकीला उभी काचेची नळी आहे, पाक किती आहे ते तिच्यात दिसतं. बाजूच्या पत्र्यावर खडूच्या रेघा, शेजारी तारखा. चार वर्षांपूर्वी एका टँकरवाल्याने माल कमी घातला होता, तेव्हापासून ती रोज सकाळी आल्या आल्या रेघ मारते. कुणी सांगितलेलं नाही. रब्बींनी चष्मा पुसला. "म्हणजे आमचा सण, आमचा मका, यातलं काही मनात नसताना मारलेल्या या रेघा?"

"तुमच्या सणाचं मला काय? मी चोर पकडत होते."

रब्बी खूश झाले. सहज, हेतू नसताना दिलेल्या साक्षीला आमच्या शास्त्रात मोठा मान आहे.

सोमवार, मंगळवार, बुधवारची रेघ एका पातळीत. बुधवारची तिने दाढ काढायला जायच्या आधी येऊन मारली होती. गुरुवारची रेघ अर्धा इंच खाली. शुक्रवारची आणि आजचीही तिथेच.

अर्धा इंच. बुधवारी दिवसभरात.

सॅलला बोलावलं. "मी हात लावला नाही," तो म्हणाला. मग मान खाजवली. "बहुतेक. म्हणजे बघा, पाक पातळ वाटला की तोटी जरा सोडायची, दहा आकडे मोजायचे, बंद करायची. तीन वर्षं तेच केलंय. हाताला सवय असते ना. पण मी केलं नाही. मला वाटतं नाही केलं. त्या वेळी रेडिओवर..."

"गाढवा!" ऑगी ओरडले.

"थंडीही होती," ओडेसा म्हणाली. "त्या रात्री बर्फ पडला. गार झाला की पाक आकसतो. अर्धा इंच त्यानेही जाईल. मी खोटं कशाला बोलू?"

ती माझी बाजू घेत होती की सॅलची, कळलं नाही.


मंगळवार, १७ मार्च

ऑगींनी बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. आज तिथल्या माणसाचा फोन. म्हणे, ऊस आणि मका एकाच गवताच्या घराण्यातले. शिवाय कोलातल्या आंबटपणाने साखर चार दिवसांत फुटून मक्याच्या पाकासारखीच होत जाते. अर्धा-पाव टक्क्याची भेसळ असेल तर खात्रीने कुणीही सांगू शकणार नाही.

म्हणजे जगात कुणाला कळणार नाही. कधीच. मला वाटायचं, नीट तपासलं की शेवटी खरं सापडतंच. पुन्हा तपासलं की आणखी पक्कं.

रब्बींना फोन केला. ते म्हणाले, "शास्त्राचं विचारशील तर सोपं आहे. सणाआधी मिसळलेला चिमूटभर मका एवढ्या मोठ्या कढईत नाहीसा झाला असं आम्ही धरतो. पिणाऱ्याला पाप नाही."

"मग चालेल?"

"प्यायला चालेल. पण बुचावर आपण काय लिहिलंय? की आमचा माणूस तिथे होता आणि त्याने पाहिलं. बुधवारी ते खरं होतं का?"

"नाही."

"इतर दिवसांना ओडेसाबाईंच्या रेघा आहेत. बुधवारला कुणी नाही." मग म्हणाले, "माझा शिक्का मी काढणार नाही, ठेवणारही नाही. तू ठरव."

"रब्बी, मला ठरवायला सांगू नका. मला ठरवता येत नाही, म्हणून तर..."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी दोन वाजता ऑगींच्या खोलीत गेलो. बुधवारचे सहाशे चाळीस खोके ब्रुकलिनच्या एकोणीस दुकानांत आहेत. म्हणालो, ते परत आणायचे.

ऑगींनी टेबलावरचा कागद चुरगाळून फेकला. "अर्धा इंच! प्रोफेसर, अर्ध्या इंचासाठी? तुझा रब्बी म्हणतो चालेल, प्रयोगशाळा म्हणते कळणार नाही, आणि तू?"

"मला माहीत नाही. मला माहीत नाही, हेच लोकांना सांगायचंय."

ते उठले. मग खुंटीवरचा कोट काढला. "ट्रक मी चालवतो. सॅलला पाठवला तर बाटल्यांऐवजी दुकानदारच घेऊन येईल."


बुधवार, १८ मार्च

काय सांगायचं ते रात्रीच कागदावर लिहून घेतलं होतं, सात वाक्यं. पहिल्या दुकानात मी पहिल्याच वाक्यावर अडखळलो, तेव्हा दुकानदारानेच कागद घेऊन वाचला. वाचून म्हणाला, "तुम्ही स्वतः आलात?" आणि दोन पोरांना खोके काढायला सांगितलं.

चौथ्या दुकानात कागद हरवला. मग तोंडानेच. "माझं नाव अन्शेल ब्राउडे. बुधवारी मी चुकीच्या नळावर लक्ष ठेवून बसलो होतो. त्या दिवशीच्या मालाची मी हमी देऊ शकत नाही." एवढंच उरलं. बाकीची वाक्यं नको होती असं दिसतं.

उंगर यांच्या दुकानात मात्र व्हायचं ते झालं. दुकान बायकांनी भरलेलं. उंगर आधी तांबडे झाले, मग ओरडायला लागले. "आणि मंगळवारचं काय? गुरुवारचं? आज बुधवार म्हणतोस, उद्या येऊन सांगशील सगळंच गेलं! तुला देखरेखीला बसवलं कुणी? या बायांना मी काय सांगू?"

 हेच, अगदी हेच मी स्वतःला पाच दिवस विचारतोय. बायका बघत होत्या. एकीने हातातली बाटली हळूच परत ठेवली.

मागून ऑगी पुढे आले. कमरेला पट्टा, हातात हातगाडी. "ऐका मालक. मी तीस वर्षं माल विकतोय. माल परत घ्या म्हणून लोक माझ्यामागे धावतात आणि मी पळतो. स्वतःहून परत घ्यायला आलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. आणि तोही माझ्याच ट्रकमधून, माझ्याच डिझेलवर! मंगळवारचं विचारताय? मंगळवारचं काही असतं तर हा मंगळवारीच तुमच्या उंबऱ्यावर झोपला असता. तुम्ही याला ओळखत नाही. मी दहा दिवस ओळखतोय, मला वेड लागायची पाळी आलीय!"

कुणीतरी हसलं. उंगर यांनी खोके दिले. निघताना खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, "नाव काय म्हणालास? पूर्ण सांग. हिज्जे सांग." मी हिज्जे सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं.

आज चौघांनी नाव लिहून घेतलं. तक्रारी जाणार.

ट्रकमध्ये बसल्यावर ऑगींना म्हणालो, माझ्यामुळे तुमचा अपमान झाला. ते म्हणाले, "संत्रं खा." ओडेसाने पिशवी भरून दिली होती.


गुरुवार, १९ मार्च

उरलेली आठ दुकानं. शेवटचं ह्यूडेसबाईंचं, जिन्याखालचं बोळकंडं. त्यांच्याकडे पंचवीस खोके गेले होते, परत मिळाले एकोणीस. सहा खोके एका कुटुंबाने लग्न झालेल्या मुलांसकट सणासाठी एकत्र नेलेले. पत्ता दिला.

चौथा मजला. दार एका तरुण बाईने उघडलं, कडेवर मूल. मी माझी वाक्यं म्हटली. ती आत गेली. आतून सासऱ्यांचा आवाज: "चूक झाली सांगायला आलाय? चार जिने चढून?" मग म्हातारे स्वतः बाहेर आले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आणखी कशाकशावर तुमची देखरेख असते?"

"कशावरच नाही. ही पहिलीच वेळ. आणि शेवटचीही."

"नाव?"

सांगितलं. सहाही खोके त्यांच्या मुलांनी खाली आणून दिले. म्हाताऱ्यांनी दारातून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली.

सहाशे चाळीसपैकी सहाशे सदतीस आले. तीन खोके लोकांनी पिऊन टाकले असतील. तीन.


सोमवार, २३ मार्च

परत आणलेला माल ऑगींनी कारखान्याच्या फाटकाशी फळी टाकून मांडला, पाटीवर लिहिलं: "उसाचा. बहुतेक." अर्धं पॅटर्सन लोटलं. पेरूचे लोक, पोर्तो रिकोचे लोक, ऑगींच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, चार वर्षांत असा कोला प्यायलो नाही. एक माणूस तर म्हणाला, तुमचा सण वर्षातून चारदा आणता येत नाही का? चारच्या आत फळी रिकामी.

ओडेसाने त्यातले तीन खोके बाजूला ठेवले होते. एक बाटली उघडून मला दिली. सण लागेपर्यंत मला मका चालतो, म्हणून घेतली. तिनेही घेतली, डोळे मिटले.

"मग?" मी विचारलं. "ऊस की मका?"

"तुला सांगितलं तर विश्वास ठेवशील?"

मी विचार केला. "नाही."

"मग पी मुकाट्याने." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुक्रवारी तुला कुलूप बदलताना पाहिलं मी. वाटलं, हा आता तोंड मिटून बसेल. इतक्या वर्षांत इथे खूप जण तोंड मिटून बसलेले पाहिलेत. शनिवार-रविवार मी वाट बघत होते."  सोमवारी ती साक्ष द्यायला का आली असेल याचा मी बसमध्ये विचार करत होतो. नोकरीची भीती असणार.


गुरुवार, २ एप्रिल

रब्बींच्या कार्यालयातून फोन. सेक्रेटरी म्हणाल्या, ब्रुकलिनच्या दुकानदारांची पत्रं आलीत, तुमच्याबद्दल विचारतात. सणानंतर रब्बी भेटतील. "काय विचारतात?" तर म्हणाल्या, "ते रब्बीच सांगतील. पण बरीच आहेत हं."

बरीच.

गित्तलला सांगितलं. ती हसली. खरोखर हसली, पीठ चाळता चाळता. म्हणाली, "अन्शेल, तू हुशार माणूस आहेस, पण काही बाबतीत कमालच आहेस." काय कमाल ते सांगितलं नाही. घर सणासाठी घासून काढतेय, तिला बोलायला वेळ नाही.


बुधवार, २२ एप्रिल

सण काल संपला. आज सकाळी दहाला रब्बी झुस्मान यांच्याकडे गेलो. राजीनाम्यासारखं काहीतरी लिहून नेलं होतं. नेमणूकच दोन आठवड्यांची होती, तरी.

टेबलावर पत्रांचा गठ्ठा. अकरा. वरचं उंगर यांचं, मी अक्षर ओळखलं.

"बस," रब्बी म्हणाले. "यातले आठ जण विचारतात, अन्शेल ब्राउडेची देखरेख असलेला आणखी कुठला माल आहे. उंगरने लिहिलंय, त्याच्या दुकानातल्या बायका बाटली हातात घेऊन विचारतात, यावर 'तो' होता का? एक गृहस्थ लिहितात, त्यांच्या घरी चार जिने चढून कुणीतरी आलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "लिंडनला व्हिनेगरचा कारखाना आहे. वर्षभराचं काम आहे. मालकाने माणूस मागितलाय, नाव घेऊन मागितलाय. पुढच्या सोमवारपासून जाशील?"

मी म्हणालो, "रब्बी, पण माझं चुकलं होतं."

"हो. सगळ्यांना ते माहीत आहे."

"मग ते मला का मागतायत?"

रब्बींनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "तू गणित शिकवायचास ना? सोडव." आणि पुढचं पत्र उघडलं.

घरी येईपर्यंत सोडवत होतो. जमलं नाही. गित्तलने बातमी ऐकली आणि दोन्ही मुलींना उचलून घरभर फिरली. ऑगींना फोन केला तर ते फोनवर ओरडले, "मार्चमध्ये माझ्याकडे नाही आलास तर तंगडी तोडीन!" ओडेसाने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, व्हिनेगरच्या कारखान्यात तुला केळी कोण देणार?

नोकरी घेतली. मुली आहेत, घ्यावी लागते. पण मन स्वस्थ नाही. त्या अकरा माणसांचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यांना वाटतंय मी फार काळजी घेणारा आहे; खरं तर मी तो आहे ज्याने चुकीच्या नळाला कुलूप लावलं. लिंडनला रुजू व्हायच्या आधी एकदा ब्रुकलिनला जाऊन, दुकान-दुकान फिरून, हे त्यांना नीट समजावून सांगायला हवं.